जिभेखालची गाठ, सुई उचलण्याआधी

अरे,

तुझा मेसेज वाचला, जिभेखाली निळसर फुगीर गाठ आहे, सुईने पाणी काढून टाकू का म्हणतोयस. नको काढूस. मी शिकत असताना हेच केलं होतं, चिकट तार सुटेल असं पाणी आलं, गाठ बसली, पेशंट बाई खुशीत घरी गेल्या आणि काही आठवड्यांत तीच गाठ घेऊन परत दारात. त्यांचा तो चेहरा मला अजून आठवतो.

जिभेच्या शेंड्याजवळ खालच्या अंगाला ब्लँडिन-नून नावाच्या बारक्या लाळग्रंथी असतात बघ, जीभ दाताखाली सापडली की त्यांची नळी फाटते आणि लाळ आतल्या आत साचते, हेच म्युकोसील. पाणी काढलं तरी ग्रंथी तिथेच ना, ती परत भरणारच. म्हणून गाठीबरोबर त्या ग्रंथीही काढायच्या, आणि टाका घेताना शेजारच्या ग्रंथीला धक्का लावायचा नाही, नाहीतर नवीन म्युकोसील आपणच तयार करतो.

पण आधी जागा नीट बघ. गॉजमध्ये जीभ धरून वर उचल, एक बोट तोंडात आणि दुसऱ्या हाताची बोटं हनुवटीखाली ठेवून गाठ चाचप. दाबल्यावर रंग फिका पडून परत भरत असेल तर रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते, तिथे सुई ब्लेड काही नको. मधोमध आणि मळलेल्या पिठासारखी लागली तर डर्मॉइड, म्हणजे जन्मापासून आत अडकलेल्या त्वचेच्या पेशींची गाठ, मनात ठेव. कडक लागली किंवा दोन आठवडे झाले तरी जखम भरत नसेल तर वाट बघू नकोस, बायोप्सी कर.

जिभेच्या मुळाशी असेल तर जास्तच जपून. तिथे थायरोग्लॉसल सिस्ट (गर्भात थायरॉइड खाली उतरते त्या वाटेत उरलेली पाण्याची पिशवी) असते तशी चुकीच्या जागी राहिलेली थायरॉइडही असते, आणि कितीतरी जणांत शरीरातली तेवढीच थायरॉइड असते रे! ती काढली की आयुष्यभर गोळ्या. म्हणून आधी गळ्याची सोनोग्राफी, थायरॉइड तिच्या जागेवर आहे का ते बघायचं. आणि तान्ह्या बाळाचा श्वास घरघरत असेल, दूध पिताना दमत असेल तर जिभेच्या मुळामागची व्हॅलेक्युलर सिस्ट असू शकते, तिथे भूलतज्ज्ञ सोबत असल्याशिवाय घशात काही घालू नकोस.

जे काढशील ते हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवच, कितीही साधं दिसलं तरी.

आता उद्या पेशंटला परत बोलाव आणि गाठ जिभेलाच चिकटलेली आहे की खाली तोंडाच्या तळाशी एका बाजूला आहे ते बघून मला कळव, तळाशी असेल तर तो रॅन्युला, म्हणजे तिथे साचलेल्या लाळेची गाठ, आणि मग जिभेखालच्या सबलिंग्वल लाळग्रंथीचा विचार करावा लागेल.