आई, लिफ्ट अडकणार नाही ना?

प्रश्न : आम्ही कासारवडवलीला अकराव्या मजल्यावर राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. जुलैत वीज गेली तेव्हा तो आणि शेजारचे एक काका वीसेक मिनिटं लिफ्टमध्ये अडकले. तेव्हापासून तो लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. रोज दोनदा त्याच्याबरोबर अकरा मजले चढून माझे गुडघे गेले. समजावून, गोंजारून एकदा आत नेलं, तर दार लागेपर्यंत "आई, अडकणार नाही ना?" हेच चालू, मग रडत बाहेर. हे म्हणतात, भित्रा आहे, दोन दिवस एकट्याला चढू दे, येईल वळणावर. सासूबाई मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढतात. समुपदेशकाकडे नेऊ म्हटलं तर म्हणाल्या, "आता पोराला ठाण्याला नेणार का?" माझी नोकरी ऐरोलीला, दर आठवड्याला सुट्टी मिळणार नाही. आईवडिलांनीच घरी उपचार करायचे, अशी पद्धत आहे असं वाचलं. खरंच जमतं का? – स. प., ठाणे

उत्तर : जमतं. मात्र आधी सासूबाईंचं बघू. मनोरुग्णालय इथे १९०१ पासून आहे आणि 'ठाण्याला पाठवा' हा विनोद आम्ही ठाणेकर जन्मापासून ऐकतो. त्यांना सांगा, मुलाला कुठेही न्यायचं नाही. दृष्ट काढतात ती काढू द्या, त्याने नुकसान काही नाही.

मी नौपाड्यात सव्वीस वर्षं मुलांबरोबर काम करते. त्यातली निम्मी वर्षं मी मुलाला आत घ्यायचे आणि आईला बाहेर बाकावर बसवायचे. आता त्याचं हसू येतं. माझी खोली जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर, तिथे लिफ्टच नाही! भीती तुमच्या बिल्डिंगमध्ये, संध्याकाळी साडेसहाला, दप्तर पाठीवर असताना येते. तिथे तुम्ही असता, मी नसते. ऑक्सफर्डच्या कॅथी क्रेसवेल आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये ५ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी हेच केलं. आईवडिलांना ऑनलाइन धडे दिले, त्यांच्याशी समुपदेशक थोडा वेळ बोलायचे, आणि मुलाबरोबरचं काम आईवडिलांनी केलं. २०२४ मध्ये निकाल छापून आला. नेहमीचे उपचार घेतलेल्या मुलांपेक्षा ही मुलं मागे पडली नाहीत, आणि समुपदेशकांचा वेळ बराच वाचला.

आता तुमचं. त्याने "अडकणार नाही ना?" विचारलं की तुम्ही "नाही रे राजा" म्हणत असणार. कुठलीही आई म्हणेल. माझी मुलगी कुत्र्यांना घाबरायची, तेव्हा मी तिला गोखले रोडवरून सात वर्षांची होईपर्यंत कडेवर नेलं, आणि वर हा माझा व्यवसाय! "नाही" ऐकून त्याला मिनिटभर बरं वाटतं, म्हणून तो पुन्हा विचारतो. जिने चढण्याचंही तेच. लिफ्ट टळली की हायसं वाटतं, आणि लिफ्ट खरंच घातक आहे ही समजूत आणखी घट्ट होते.

म्हणून आधी विचारा, "अडकली तर नक्की काय होईल असं वाटतं तुला?" विचारून गप्प बसा. मोठ्यांना वाटतं त्याहून वेगळं उत्तर येतं. पुष्कळ मुलं म्हणतात, "आतली हवा संपेल." ही भीती तपासता येते. बंद लिफ्टमध्येही हवा यायला फटी असतात, हे दुरुस्तीला येणाऱ्या माणसाकडून त्यालाच ऐकू द्या. वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारं उपकरण तुमच्या लिफ्टला आहे का, तेही तोच विचारेल. तुम्ही मध्ये बोलू नका.

मग वहीच्या पानावर दोन रकाने करा. डावीकडे 'काय होईल असं वाटतं', उजवीकडे 'काय झालं'. पहिल्या दिवशी नुसतं लिफ्टसमोर उभं राहायचं. मग दार उघडं ठेवून आत. मग तुमच्याबरोबर तळमजल्यावरून पहिल्यावर. पुढे तो आत आणि तुम्ही जिन्याने वर जाऊन दारापाशी उभ्या. पायऱ्या तो ठरवेल, पण रोज काहीतरी व्हायलाच हवं, आणि एका पायरीचा कंटाळा आला की पुढची. बक्षीस आत गेल्याचं, घाबरला नाही म्हणून नव्हे. घाबरत गेला तरी तलावपाळीवरची भेळ पक्की.

मध्ये तो विचारेलच, "अडकली तर?" तेव्हा म्हणा, "अडकेलही. मग आपण काय करू?" हे वाक्य आईच्या तोंडून निघणं सगळ्यात कठीण जातं. तो रडेल, तुमचा हात धरेल, आणि सासूबाई जिन्याच्या तोंडाशी येऊन "सोड गं त्याला" म्हणतील. म्हणून त्यांना आदल्या रात्रीच सगळं सांगून ठेवा. यजमानांनाही सांगा. 'भित्रा' हा शब्द बंद, आणि एकट्याला चढायला लावणं तर नकोच, त्याने लिफ्टची सवय होत नाही, फक्त जिना पाठ होतो.

हे सगळं एकटीने करू नका. एखाद्या समुपदेशकाशी आठवड्यातून वीस मिनिटं फोनवर बोललात तरी पुरे, ऐरोलीहून परतताना गाडीत बसूनही होईल. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर मोफत आहे, मराठीतही बोलतात. तो शाळेत जायचाच थांबला, झोप-जेवण सुटलं किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल बोलला, तर मात्र वही बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना गाठा.

सुरुवात रविवारी करा, लिफ्टमधल्या अलार्मच्या बटणापासून. दार उघडं ठेवून बटण त्यालाच दाबू द्या आणि वॉचमनकाका किती वेळात येतात ते घड्याळात मोजून त्यालाच वहीत लिहू द्या. फक्त काकांना आधी कल्पना द्या, नाहीतर सोमवारी सोसायटीच्या सेक्रेटरींची नोटीस दारावर असेल.