एकच तुफान गाजलेलं पुस्तक की आयुष्यभर सातत्याने चालणारं लेखन: लेखकाने काय निवडावं?

मी दुसरं निवडेन. मुळात पहिलं निवडता येतच नाही. कुठलं पुस्तक गाजेल हे प्रकाशकालाही आधी कळत नाही, नाहीतर त्याने बाकीची छापलीच नसती!

अमेरिकन लेखिका हार्पर ली यांची पहिली कादंबरी ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ १९६० साली आली, पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर हा मानाचा पुरस्कार मिळाला. त्यानंतरचं पुस्तक थेट २०१५ मध्ये आलं, आणि तेही त्या पहिल्या कादंबरीच्या आधी लिहिलेलं हस्तलिखित होतं. पैसा, मान, सगळं मिळालं. पण एवढ्या यशानंतर कोऱ्या कागदासमोर बसणं किती अवघड होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

याउलट एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप. टपाल खात्यातली नोकरी सांभाळत पहाटे उठून घड्याळ लावून लिहायचा, पंधरा मिनिटांत अडीचशे शब्द. ४७ कादंबऱ्या झाल्या. आत्मचरित्रात त्याने हा हिशेब उघडपणे मांडला, तेव्हा काही रसिकांनी नाकं मुरडली म्हणे.

पैशाचं गणितही बघा. एका पुस्तकाची रॉयल्टी सहसा सुरुवातीला भरघोस येते आणि मग ओसरत जाते. दहा पुस्तकं असतील तर नव्याचा वाचक मागची जुनीही शोधतो, म्हणून थोडं थोडं येत राहतं. तरी तेवढ्यावर घर चालेलच असं नाही, नोकरी इतक्यात सोडू नका.

अर्थात तुमच्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट असेल, तर ती नीट सांगा आणि खुशाल थांबा.