छातीवरची ओळ: घोषणा, घोषवाक्य की ब्रीद?

प्रश्न असा आहे: "समाजशास्त्राच्या एका लेखात 'टी-शर्टवरील घोषणांचे व दैनंदिन प्रतिमांचे चिकित्सक वाचन' असे शब्द वाचले. घोषणा तोंडाने देतात, ती कापडावर कशी असेल? चित्र बघतात, त्याचं वाचन कसं होईल? आणि चिकित्सक म्हणजे खुसपटं काढणारा ना? नेमके मराठी शब्द कोणते?"

वाचनापासून सुरुवात करतो. 'चित्र वाचणे' हा प्रयोग इंग्रजीच्या सावलीत वाढला हे खरं, पण आपण चेहरा वाचतो, मनातलं वाचतो, म्हणून तो कानाला फारसा टोचत नाही. माझा आग्रह वेगळ्याच शब्दासाठी आहे. मराठीत 'बघणे' हे क्रियापद नुसतं डोळ्यांचं कधीच नव्हतं. ज्योतिषी हात बघतो, पत्रिका बघतो. वैद्य नाडी बघतो, आणि नाडी तर डोळ्यांना दिसतही नाही. आपण एखाद्याची परीक्षा पाहतो, अंत पाहतो. बाहेरच्या खुणेवरून आतलं ओळखणं, हा अर्थ या शब्दात पूर्वीपासून मुरलेला आहे. तेव्हा 'चित्र नीट बघितलं' असं म्हटल्याने काही कमी पडत नाही.

लेखकाला अभिप्रेत असलेलं बघणं कसं असतं, ते एका प्रसिद्ध उदाहरणावरून सांगतो. फ्रेंच अभ्यासक रोलाँ बार्त न्हाव्याकडे बसला असताना त्याच्या हातात 'पारी-माच' साप्ताहिकाचा अंक येतो. अंक १९५५ सालचा. मुखपृष्ठावर फ्रेंच गणवेशातला एक काळा मुलगा सलाम ठोकतो आहे, नजर वर, बहुधा झेंड्याकडे. डोळ्यांना दिसतं ते एवढंच. पण त्यातून पोचतं ते असं, की फ्रान्सचं साम्राज्य थोर आहे, आणि कोणत्याही रंगाची लेकरं त्याच्या झेंड्याखाली आनंदाने सेवा करतात. अल्जीरियात त्याच वेळी फ्रेंच राजवटीविरुद्ध लढा पेटलेला होता, हे ध्यानात घेतलं की त्या सलामाचं वजन कळतं.

या दुसऱ्या थराला बार्तने जो शब्द वापरला त्याचं मराठीत 'मिथक' झालं. आपल्याला मिथक म्हटलं की देवादिकांच्या कथा आठवतात, म्हणून इथे घोटाळा होतो. बार्तचं मिथक म्हणजे माणसांनी, इतिहासाने घडवलेली गोष्ट निसर्गानेच दिल्यासारखी दाखवणारं बोलणं. ते मराठीत कसं ऐकू येतं ते मी सांगू शकतो: "त्यात काय बघायचंय? असंच असतं." हे वाक्य जिथे कानावर येईल तिथे थांबून बघायचं, एवढंच त्या लेखकाला म्हणायचं असावं. 'बघणे'पासून परिभाषेत चालेल असं सुटसुटीत नाम मिळत नाही, म्हणून नाम हवं तिथे 'वाचन' राहू द्यावं. क्रियापद मात्र शक्य तिथे आपलं वापरावं.

आता घोषणा. या शब्दाचे दोन अर्थ मराठी क्रियापदावरून वेगळे करते. सरकार घोषणा करतं, मोर्चा घोषणा देतो. तुमची शंका दुसऱ्या अर्थाबद्दल आहे आणि ती रास्त आहे. दिलेली घोषणा एकट्याची नसते. एकाने द्यायची, बाकीच्यांनी उचलायची. ती गळ्यातून येते आणि हवेत विरते. इंग्रजीतला 'स्लोगन'ही मुळात असाच आहे. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत त्याचे दोन घटक आहेत: सैन्य आणि हाक. म्हणजे रणघोष. तेव्हा शब्दाला शब्द म्हणून 'घोषणा' चुकीची नाही. पण टी-शर्ट घातलेला माणूस तोंड उघडत नाही. तो जागेवरून उठून गेला की ओळही त्याच्याबरोबर जाते, आणि त्याने जाकीट चढवलं की ती गप्प होते. घोषणेचं असं होत नाही.

'घोषवाक्य' मोहिमांचं आणि जाहिरातींचं. ते ठरवून, अनेकदा स्पर्धा घेऊन तयार करतात. 'सुविचार' फळ्यावर लिहायचा, तो कुणाचाच नसतो आणि कुणाला बांधत नाही. बाजारात मिळणाऱ्या टी-शर्टांवरच्या बहुतेक ओळी खरं तर सुविचारच असतात.

या सगळ्यांपेक्षा मला 'ब्रीद' हा शब्द मोलाचा वाटतो. तो 'बिरुदा'पासून आला. बिरुद म्हणजे लोकांनी दिलेली पदवी. मराठीत येताना त्याला प्रतिज्ञेचा अर्थ चढला, म्हणून आपण ब्रीद राखतो, ब्रीदाला जागतो. आणि जुन्या मराठीत ब्रीद चक्क अंगावर घालत. संतकवितेत देवाच्या पायात ब्रीदाचा तोडर असतो, म्हणजे तोडा. चालताना तो वाजतो आणि हा कोण आहे, कशाला बांधील आहे, ते ऐकणाऱ्याला सांगतो. अंगावर घालायचा शब्द आपल्याकडे तयार होता. टी-शर्टच्या संदर्भात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तोडराचा अर्थ शोधताना ते लक्षात आलं आणि फार आनंद झाला.

त्याहून महत्त्वाचं, ब्रीद घातलेल्याला जाब विचारता येतो. नामदेवांच्या अभंगातला भक्त देवाला सांगतो, की पतितपावन हे तुझं नाव ऐकून दारी आलो, तू तसा नाहीस म्हणून माघारी जातो. हा अपमान नाही. अंगावरची ओळ वाचून, ती खरी आहे का ते विचारणं आहे, आणि तेही साक्षात देवाला. आज चिकित्सक वाचन म्हणून जे शिकवतात, त्याचा गाभा मला या भांडणात सापडतो.

ब्रीदाच्या अर्थाने घातलेल्या टी-शर्टचं उदाहरण द्यायचं तर कॅथरीन हॅमनेटचं. १९८४ साली या ब्रिटिश डिझायनरला पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या निवासस्थानी समारंभाला बोलावणं होतं. ती जाकीट घालून आत गेली आणि हस्तांदोलनाच्या वेळी ते उघडलं. आत लांबूनही वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत ओळ होती, की ५८ टक्के लोकांना पर्शिंग नकोत. पर्शिंग ही युरोपात आणलेली अमेरिकी अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं. इथे ओळ, अंग आणि जोखीम एकाच माणसाची आहे. तिच्याच 'चूज लाइफ' या टी-शर्टचं पुढे काय झालं तेही बघा. तिने ते युद्ध आणि विनाशाविरुद्ध, जगण्याच्या बाजूने लिहिलं होतं. पुढे गर्भपाताला विरोध करणाऱ्यांनी तेच दोन शब्द उचलले आणि हॅमनेटला त्याविरुद्ध बोलावं लागलं. अक्षर तेच, छाती बदलली आणि अर्थ फिरला.

आणि एक टी-शर्ट मी स्वतः जवळून बघितलेला. आमच्या शेजारी इमारतीचं काम चालू होतं. सिमेंटच्या गोण्या वाहणाऱ्या एका पोराच्या पाठीवर इंग्रजीत छापलं होतं, 'मी शर्यत पूर्ण केली'. खाली साल, त्याखाली प्रायोजकाचं नाव. धुऊन धुऊन त्या रबरी रंगाला बारीक भेगा गेल्या होत्या. मी विचारलं, "पाठीवर काय लिहिलंय रे?" त्याने मान वळवून बघायचा प्रयत्न केला. मग म्हणाला, "माहीत नाय. मुकादमानं दिला."

त्या कापडावर 'पूर्ण केली'ची अक्षरं सगळ्यात जास्त उडालेली होती, कारण गोणी नेमकी तिथेच टेकत होती. तो वळला तेव्हा मला ते दिसलं, आणि अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

या ओळीला घोषणा म्हणाल? ब्रीद? शर्यत पूर्ण करणारा हे बिरुद आहे, पण ते दुसऱ्या कुणाचं तरी. कुणीतरी धावला, घरी जाऊन कपाट आवरलं, आणि ते बिरुद फिरत फिरत या पाठीवर आलं. "माझ्या कपाळावर लिहिलंय का?" असं आपण चिडून विचारतो, तेव्हा गृहीत धरतो की माणसाच्या अंगावर त्याचं मन लिहिलेलं नसतं. टी-शर्ट पाहताना हे विसरायला होतं, कारण आपली भाषाच कापड आणि अंग एक करते. "तुझ्या शर्टवर काय लिहिलंय" असं क्वचितच म्हणतो, "तुझ्या पाठीवर काय लिहिलंय" असंच तोंडात येतं. मीही तसंच विचारलं होतं. वर्तमानपत्रात छायाचित्राखाली फोटोओळ देतात आणि ती फोटोचा अर्थ ठरवून टाकते, तसं काहीसं इथे होतं: माणूस फोटो होतो आणि छापलेली ओळ त्याची फोटोओळ होते, त्याला न विचारता.

म्हणून सरसकट शब्द हवा असेल, तर त्यात घालणाऱ्याचा हेतू आधीच भरलेला नसावा. शिलालेख, भित्तिलेख या चालीवर 'वस्त्रलेख' मला बरा वाटतो. शिलालेख म्हणताना दगडाचं मत काय, असं आपण विचारत नाही; तो कुणी कोरवला, कशासाठी, हे विचारतो. वस्त्रलेखाबद्दलही हेच प्रश्न सुचतात. जमावाच्या मागणीची ओळ असेल तर घोषणा, मोहिमेची असेल तर घोषवाक्य, आणि घालणाऱ्याने स्वतःला बांधून घेतलं असेल तरच ब्रीद.

'चिकित्सक'बद्दल थोडक्यात. कापड घेताना फार चिकित्सक, असं आपण म्हणतो ते खुसपटं काढण्याच्या अर्थाने. मुळात तो वैद्याचा शब्द, लक्षणांवरून रोग शोधणाऱ्याचा. माक्स होर्कहायमर या जर्मन तत्त्वज्ञाने १९३७ साली परंपरागत आणि चिकित्सक सिद्धांत वेगळे केले, तेव्हा समाज कसा आहे एवढं सांगून न थांबता त्यात कोण कशाने दबलं आहे आणि ते कसं बदलेल, हे विचारणारा विचार त्याला हवा होता. त्याला वैद्याचा शब्द शोभतो. 'टीकात्मक'ही चाललं असतं, कारण ग्रंथाचा अर्थ उलगडतं ते भाष्य म्हणजे टीका, पण आज त्यातून नापसंतीच ऐकू येते.

तर लेखातलं ते वाक्य माझ्या हातात असतं, तर मी ते असं लिहिलं असतं: 'रोजची चित्रं आणि वस्त्रलेख कोणी, कोणासाठी आणि कोणाच्या अंगावर लिहिले, हे या लेखात बघितलं आहे.'