तेरा वर्षांची मुलगी घेऊन इंग्लंडला येताय, तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी तेराची, सप्टेंबरपासून इयर नाइनला, नोकरी लेस्टरला, आणि पोटात गोळा एकाच गोष्टीचा: "तिकडे मुलं फार लवकर नको त्या गोष्टी करतात म्हणे. आम्ही सांभाळायचं कसं?" आम्ही अकरा वर्षांपूर्वी आलो तेव्हा मुलगा आठचा होता, मुलगी पाचची. तोच गोळा मीही सामानाबरोबर आणला होता.

आधी "तिकडे सगळीच मुलं" हे डोक्यातून काढा. २०१० ते २०१२ या काळात ब्रिटनमध्ये लैंगिक वर्तनाची मोठी राष्ट्रीय पाहणी झाली. १६ ते २४ वयाच्या तरुणांपैकी साधारण ३० टक्क्यांनी सोळाच्या आत पहिला संबंध आल्याचं सांगितलं. म्हणजे दहातल्या सात जणांचा आला नव्हता. हे तुमच्या मुलीलाही सांगा, कारण वर्गात "सगळे करतात" हीच हवा असते, आणि मागे पडण्याची लाज त्या वयात फार मोठी असते. माझ्या लेकीला माझ्या दहा उपदेशांपेक्षा हा एक आकडा जास्त उपयोगी पडला.

कायदा मात्र नीट समजून घ्या, कारण आपल्याकडचा वेगळा आहे. भारतात २०१२च्या पोक्सोनंतर संमतीचं वय १८. इथे १६. सोळाच्या आत संबंध हा इथेही गुन्हाच, पण दोघं साधारण एका वयाची असतील, जबरदस्ती वा फसवणूक नसेल, तर अशा पोरांना कोर्टात खेचायचा हेतू नाही, असं सरकारी मार्गदर्शनच सांगतं. तेराच्या आतल्या मुलाच्या होकाराला मात्र कायद्यात काहीच अर्थ नाही.

आता जे ऐकून मी रात्रभर जागी होते ते. सोळाच्या आतली मुलगी डॉक्टरकडे किंवा नर्सकडे जाऊन गर्भनिरोधक गोळ्या मागू शकते, आणि तिला सगळं समजतंय अशी त्यांची खात्री पटली तर तुम्हाला न कळवता ते देऊ शकतात. हा प्रश्न एका आईनेच, व्हिक्टोरिया गिलिक यांनी, कोर्टात नेला होता. १९८५ला त्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयात, हरल्या. तेव्हा ठरलेल्या निकषांत एक गोष्ट आहे जी आपण विसरतो: आईवडिलांना सांग, असं मुलीला समजावण्याचा प्रयत्न डॉक्टरने करायचा असतो. मुलीला धोका दिसला तर गुप्ततेचं बंधनही राहत नाही. सुरुवातीला मला वाटलं, हे आपल्या पाठीमागे चाललंय. आता वाटतं, माझ्याशी बोलायची हिंमत नसेल त्या दिवशी ती शाळेच्या गेटमागच्या कुणा पोराचा सल्ला घेण्यापेक्षा नर्सकडे गेलेली बरी.

शाळेबद्दल. २०२० पासून माध्यमिक शाळेत नातेसंबंध आणि लैंगिक शिक्षण सक्तीचं आहे. लैंगिक शिक्षणाच्या भागातून मुलीला काढून घ्यायची विनंती तुम्ही करू शकता, पण सोळावं लागायच्या तीन सत्रं आधीपासून ती स्वतः बसायचं ठरवू शकते. नातेसंबंधांचे तास आणि विज्ञानातला भाग यांतून सुटका नाही. काढू नका, असं माझं स्पष्ट मत. तो तास चुकला तरी मैत्रिणी मधल्या सुट्टीत तोच धडा शिकवतात, फक्त चुकीचा. त्याच पाहणीत ज्यांना ही माहिती मुख्यतः शाळेच्या तासांतून मिळाली, त्यांच्यात सोळाच्या आत संबंध आल्याचं प्रमाण कमी दिसलं होतं.

एक बारीकसं काम: एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगासारख्या आजारांपासून वाचवणारी लस इथे इयर एटमध्ये देतात, मुलांनाही. तुमच्या मुलीची ती संधी हुकणार, म्हणून जीपीकडे (घराजवळच्या फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवताना लगेच विचारा. मुलींना पंचविसाव्या वाढदिवसापर्यंत फुकट मिळते.

आता माझी चूक. लेक चौदाची असताना तिच्या फोनवर एका मुलाचे मेसेज दिसले. बदाम, "मिस यू", एवढंच. मी फोन काढून घेतला आणि दोन आठवडे दिला नाही. ती मैत्रिणीच्या फोनवरून बोलत राहिली आणि माझ्याशी बोलायची थांबली, जवळजवळ पाच महिने. नंतर कळलं, मूळ त्याहून जुनं होतं. जेवताना आम्ही दुसऱ्यांच्या मुलांबद्दल "लफडं", "भानगड", "वाया गेली" असं सहज बोलायचो. पोरं खाली मान घालून जेवत असतात आणि घरात काय सांगण्यासारखं नाही याची नोंद करत असतात. ते शब्द आधी बंद करा, विमानात बसायच्याही आधी.

समोरासमोर बसवून "आज आपल्याला बोलायचंय" असं करू नका. आमचं सगळं बोलणं गाडीत झालं, पोहण्याच्या क्लासला जाता-येता. दोघींची नजर रस्त्यावर, वीस मिनिटांत घर येणार हे दोघींना ठाऊक. शब्दांचीही अडचण येते. मराठीत एकतर शिवी आठवते नाहीतर पाठ्यपुस्तक. आम्ही मराठी वाक्यात इंग्रजी शब्द घालून निभावलं. पाळी, कंडोम, नकार, दारूच्या नशेतला होकार, सगळं. आणि "आम्हाला वाटतं तू थांबावंस" हेही सांगितलं, कारणांसकट. मोकळेपणा म्हणजे स्वतःचं मत गिळून बसणं नव्हे. मुलाशी हे बोलायला आम्ही उशीर केला, कारण काळजी फक्त मुलीची असते असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. "ती गप्प बसली म्हणजे हो नाही" हे त्याला कुणीतरी चौदाव्या वर्षी सांगायला हवं होतं.

तुम्ही शारीरिक संबंधांना घाबरताय, पण बहुतेक घरांत आधी येतो तो फोटो. अठराच्या आतल्या कुणाचाही नग्न फोटो काढणं, पाठवणं, ठेवणं इथे गुन्हा आहे, स्वतःचा असला तरी. एका संध्याकाळी लेकीने गाडीत विचारलं, "एका मैत्रिणीकडे मुलाने फोटो मागितला आणि तिने पाठवला, आता काय करायचं?" कोण मैत्रीण, हा प्रश्न ओठांवर आला होता. गिळला. चाइल्डलाइनचा ०८०० ११११ हा फुकट नंबर आणि त्यांची 'रिपोर्ट रिमूव्ह' सोय सांगितली. अठराच्या आतल्या मुलांना आपला फोटो इंटरनेटवरून काढवायला तिथून मदत मिळते. पुढचे दोन सिग्नल ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "उद्या तिला आपल्या घरी आणू?"

धाकट्याचं वय तुम्ही लिहिलं नाहीत. प्राथमिक शाळेत असेल तर गोष्टी थोड्या वेगळ्या आहेत. कळवा, तेही लिहिते.