ट्रक घरी आणायचा, पण उभा कुठे करायचा?

प्रश्न: मी मूळचा सांगलीचा, वय ३८. ग्रीन कार्डवर न्यू जर्सीत एडिसनला भाड्याच्या टाउनहाउसमध्ये राहतो. पत्नी फार्मसीत आहे, तिला शनिवारीही ड्युटी असते. मुलगा चौथीत, गाडी एकच. क्लास ए सीडीएल, म्हणजे जड ट्रक-ट्रेलर चालवण्याचं लायसन्स, नुकतंच मिळालं. ट्रकिंग स्कूलची फी, ५,८०० डॉलर, क्रेडिट कार्डावर आहे, व्याज २४ टक्के. हातात तीन ऑफर आहेत. पहिली देशभर फिरण्याची: मैलाला ५२ सेंट, आठवड्याला २,४०० मैल देऊ म्हणतात. तीन आठवडे बाहेर, तीन दिवस घरी. ट्रक पेनसिल्व्हेनियातल्या यार्डात सोडायचा, तिथून घर दोन तासांवर. दुसरी ईशान्येकडच्या राज्यांपुरती: आठवड्याला १,०५० डॉलरची हमी, वीकेंडला घरी. ट्रक घरी न्या म्हणतात, पण जागा तुमची तुम्ही बघा. जवळच्या यार्डात महिन्याला २५० डॉलर सांगतात. तिसरी ओळखीच्या एकाच्या ट्रकवर, १०९९ वर (म्हणजे नोकर म्हणून नव्हे, कंत्राटदार म्हणून), आठवड्याला १,८००. पत्नीचं म्हणणं, तीन आठवडे बाहेर नको. काय करावं?

उत्तर: तिसरी ऑफर आधी निकालात काढतो. ट्रक त्यांचा, लोड त्यांचे, वेळापत्रक त्यांचं, आणि कागदावर तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक! माणूस नोकर की स्वतंत्र, हे ठरवणाऱ्या न्यू जर्सीच्या एबीसी टेस्टपुढे हे टिकणं कठीण. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे दोन्ही वाटे, मालकाचा आणि कामगाराचा, म्हणजे १५.३ टक्के, तुम्हीच भरायचे. कंपनीच्या वर्कर्स कॉम्पचं (कामावरच्या इजेच्या विम्याचं) छत्र नाही, काम सुटलं तर बेकारी भत्त्यासाठी भांडत बसा. १,८०० चा आकडा म्हणूनच एवढा गुबगुबीत दिसतो. उद्या दुसऱ्या कंपनीने तुमचा अनुभव पडताळायला फोन केला, तर तो उचलणारं कोणी असेल की नाही, हाही प्रश्न आहे. सोडा.

आता खरी तुलना. पहिलीत एक फेरा २४ दिवसांचा. २१ दिवसांत ७,२०० मैल, म्हणजे ३,७४४ डॉलर. वर्षाला साधारण ५७,०००, तेही सांगितले तेवढे मैल मिळाले तर. मैलांची हमी कुणी दिलेली नाही. घरी येण्याच्या पंधरा वेळा, भाड्याची गाडी आणि पेट्रोल धरून दर वेळी शंभर डॉलर लावा. उरले ५५,५००. दुसरीत पन्नास आठवड्यांचे ५२,५००. त्यातून पार्किंगचे ३,०००. यार्डातून घरी जायला-यायला उबर, आठवड्याला पन्नास धरा, ते २,५००. उरले ४७,०००.

म्हणजे फरक साडेआठ हजारांचा. पहिलीत वर्षाचे ४५ दिवस घरी, दुसरीत वीकेंडला दीड दिवस धरला तर ७५. ते तीस जादा दिवस तुम्हाला प्रत्येकी २८० डॉलरला पडतात. महाग आहेत, खोटं कशाला सांगू? तरी माझं मत दुसरीला आहे, आणि त्याचं कारण फक्त घरच्यांची ओढ नाही.

नवख्या ड्रायव्हरला चांगल्या लोकल नोकऱ्या सहसा मिळत नाहीत, कारण इन्शुरन्सवाले त्याला घेऊ देत नाहीत. एक-दोन वर्षं अपघाताविना, नोकऱ्या न बदलता काढलीत की पोर्ट न्यूअर्कची कंटेनरची कामं, एलटीएल कंपन्यांची (अनेक गिऱ्हाइकांचा थोडाथोडा माल एकत्र नेणाऱ्यांची) रात्रीची लाइनहॉल, म्हणजे डेपो ते डेपो फेरी, अशी रोज घरी येण्याची दारं उघडतात. त्यामुळे पहिल्या वर्षाची कमाई पगारापेक्षा त्या सलग बारा महिन्यांत आहे. पत्नीचा पहिल्या दिवसापासून विरोध असलेली नोकरी चौथ्या-पाचव्या महिन्यात सुटते. मग साइन-ऑन बोनस, म्हणजे रुजू होण्याचा बोनस, कबूल केलेला असेल तर त्याचे उरलेले हप्तेही जातात आणि अनुभवाचा मीटर तुटक दिसतो. माणूस टिकेल ती नोकरी घ्यावी.

पण दुसरी ऑफर आहे तशी घेऊ नका. ‘वीकेंडला घरी’ म्हणजे किती तास, ते आधी विचारा. नियमाप्रमाणे आठ दिवसांत ७० तास ड्युटी झाली की पुढे गाडी चालवता येत नाही, आणि सलग ३४ तास सुट्टी घेतली की हिशेब पुन्हा शून्यावर येतो. बऱ्याच डिस्पॅचरच्या (ड्रायव्हरना फेऱ्या नेमून देणाऱ्यांच्या) डोक्यात वीकेंड म्हणजे हेच ३४ तास असतात. शुक्रवारी रात्री आठला ट्रक उभा केलात, तर रविवारी सकाळी सहाला तुम्ही पुन्हा उपलब्ध! त्यातल्या दोन रात्री झोपेत गेल्या, जाण्यायेण्यात दीड तास गेला, कपडे धुणं आणि पुढच्या आठवड्याचा डबा-किराणा झाला की मुलाच्या वाट्याला शनिवारची दुपार येते, आणि तेव्हा पत्नी ड्युटीवर. सोमवारी पहाटेच निघायचं, हे ईमेलवर लिहून घ्या. रिक्रुटर फोनवर काहीही म्हणतो. न्यू जर्सीत राहणाऱ्या त्यांच्याच एखाद्या ड्रायव्हरशी बोला.

पार्किंगचं मात्र नीट ऐका. २०१८ पासून पगारदार माणसाला नोकरीवरचा स्वतःचा खर्च फेडरल करातून वजा करता येत नाही, आणि २०२५ च्या कायद्याने ते कायमचंच झालं. म्हणजे यार्डाचे २५० डॉलर कर भरून उरलेल्या पैशातून जाणार. तेवढे हातात यायला तुम्हाला सव्वातीनशेच्या आसपास कमवावे लागतील. म्हणून पगार वाढवा असं म्हणू नका. ‘पावती देतो, यार्डाचे पैसे भरून द्या’ असं म्हणा. रीतसर पावतीवर दिलेली भरपाई पगारात धरली जात नाही, तुम्हाला कर नाही आणि कंपनीलाही त्यावर पेरोल टॅक्स पडत नाही. शेवटी ट्रक त्यांचाच सांभाळताय ना? हे जमलं तर वरचा २८० चा आकडा १८० वर येतो. पैसे देत नसतील तर त्यांच्या एखाद्या गिऱ्हाइकाच्या यार्डात वीकेंडला जागा मिळते का विचारा. बरोबर ट्रेलर असेल का, तो भरलेला असेल का, आणि मालाची चोरी झाली तर कोणाच्या गळ्यात, हेही त्याच ईमेलमध्ये. यार्डाचं भाडं नुसत्या ट्रॅक्टरचं (ट्रकच्या पुढच्या इंजिनाच्या भागाचं) सांगितलंय की ट्रेलरसकट, तेही पाहा.

टाउनहाउसच्या दारात ट्रक लावायचा विचार मनात असेल तर काढून टाका. न्यू जर्सीतल्या बऱ्याच टाउनशिप निवासी भागात एवढी जड गाडी उभी करू देत नाहीत, टाउनहाउसच्या असोसिएशनचे नियम वेगळेच. एका दंडात महिन्याची बचत जाईल.

सुटल्यावर ट्रक घराकडे आणण्याचा प्रवास नियमात ‘पर्सनल कन्व्हेयन्स’ (ट्रकचा खासगी वापर) म्हणून ड्युटीबाहेर धरता येतो का, हे कंपनीच्या धोरणावरही आहे. कंपनीच्या टर्मिनलवर सुट्टी सुरू करून तिथून ट्रक तुमच्या यार्डापर्यंत आणणार असाल, तर हे विचारणं जरूर आहे.

पहिल्या ऑफरकडे वळलातच, तर मैलाच्या ५२ सेंटमधले काही पर डिएम, म्हणजे बाहेर असतानाचा रोजचा जेवणखर्च भत्ता, म्हणून देतात का बघा. दिवसाला ८० डॉलरपर्यंत ते करमुक्त चालतं, हातात जास्त येतं, पण डब्ल्यू-२ वरचा (वर्षाच्या पगाराच्या दाखल्यावरचा) पगार आणि सोशल सिक्युरिटीची नोंद दोन्ही घटतात. पुढे घराचं कर्ज मागाल तेव्हा बँक तो डब्ल्यू-२ बघते. आरोग्यविम्याचा कुटुंबाचा हप्ताही पहिल्या दोन्ही ठिकाणी विचारा, तिथे सेंटचा फरक धुऊन निघतो.

कार्डावरचं कर्ज महिन्याला ११६ डॉलर व्याज खातंय. कोणतीही नोकरी घेतलीत तरी पहिले सहा-सात महिने दुसरी कसलीही बचत नको, घराचं डाउन पेमेंटही नको. आधी हे फेडा. फक्त दीडेक हजार हाताशी ठेवा, कारण ओरिएंटेशन आणि ट्रेनरबरोबरच्या आठवड्यांत पगार बहुधा कमी असतो. हमीचे १,०५० कितव्या आठवड्यापासून लागू, हेही विचारून ठेवा.

आणि या आठवड्यात त्या २५० वाल्या यार्डाला एक फोन करा: ट्रक बाहेर असताना त्याच जागेत माझी कार उभी केली तर चालेल का? बरेच ड्रायव्हर तसंच करतात, कार काढायची आणि तिथेच ट्रक लावायचा. हो म्हणाले, तर जुनी गाडी घेऊन तिचा इन्शुरन्स भरणं आणि उबरचे २,५००, यांची तुलना करून मला कळवा.