वाचकांचे प्रश्न : मुक्त सॉफ्टवेअर चालवायचं, पण खर्च कोण देणार?

प्रश्न : देवनागरी पावत्यांची पीडीएफ बनवणारी माझी लायब्ररी (इतर प्रोग्रामांत जोडता येणारा तयार कोड) एमआयटी परवान्याखाली, म्हणजे कुणालाही फुकट वापरायची आणि बदलायची मुभा देऊन, खुली आहे. तीन कंपन्या ती वापरतात आणि सतत दुरुस्त्या मागतात. देणगीचं बटण लावलं, पण त्यांच्याकडून काहीच आलं नाही. कोड बंद करून विकू का?

उत्तर : नको. एमआयटीखाली दिलेली आवृत्ती परत घेता येत नाही. कुणीही तिथूनच काम पुढे नेईल. कंपन्या देणगी देत नाहीत, कारण तिथला हिशेब विभाग कोटेशन, परचेस ऑर्डर आणि बिल यांवर चालतो. तेव्हा ज्याचं बिल होईल असं काहीतरी द्या : वार्षिक सपोर्ट. एस्क्यूलाइट हा डेटाबेस कुणीही फुकट वापरू शकतो, तरी त्याचे कर्ते वर्षाला १५०० डॉलरला ईमेलवर खासगी सल्ला विकतात.

करार एका पानाचा पुरे. उत्तर किती दिवसांत देणार ते लिहा, उदाहरणार्थ कामकाजाचे दोन दिवस. दुरुस्ती कधी पूर्ण होईल याची हमी मात्र देऊ नका. बग सापडायला तास लागेल की आठवडा, हे आधी कळत नाही. वर्षाचे तास ठरवा, समजा २०, आणि त्यापुढचा दर वेगळा ठेवा. शेवटच्या दोनच आवृत्त्या सांभाळू, असंही लिहा. सर्वांत महत्त्वाचं कलम हे : दुरुस्ती मूळ कोडमध्ये, त्याच परवान्याखाली जाईल. हे कलम लिहायचं राहून गेलं तर प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कोडची वेगळी प्रत (शाखा) होते आणि नवी आवृत्ती आली की तेच काम तीनदा करावं लागतं. ठरवलेले तास तिथेच संपतात. पैसे वर्षाच्या सुरुवातीलाच घ्या.

वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर अशा सेवेला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी केली असेल आणि गिऱ्हाईक परदेशी असेल, तर दर आर्थिक वर्षी एलयूटी (लेटर ऑफ अंडरटेकिंग, म्हणजे हमीपत्र) भरा. मग आयजीएसटी (निर्यातीलाही लागू होणारा एकात्मिक जीएसटी) न भरता बिल करता येतं.

प्रश्न : मग आश्रयदाते शोधूच नयेत?

उत्तर : जरूर शोधा, पण घरखर्च त्यावर बेतू नका. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या, वेबसाइटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमधला हार्टब्लीड हा सुरक्षा दोष उघडकीला आला, तेव्हा जगभरच्या वेबसाइट्स ज्यावर विसंबून होत्या त्या प्रकल्पाला देणग्या मिळत होत्या वर्षाला सुमारे २००० डॉलर! मोठ्या मदतीसाठी झिरोधा या शेअर दलाल कंपनीच्या फ्लॉस/फंड या मुक्त सॉफ्टवेअरसाठीच्या निधीकडे अर्ज करता येतो. तिथे एका प्रकल्पाला १०,००० ते १ लाख डॉलर मिळू शकतात. त्यासाठी फंडिंग डॉट जेसन (funding.json) ही मदतीची मागणी मांडणारी फाइल प्रकल्पात ठेवून तिची लिंक द्यावी लागते. फाइलमध्ये 'विकासासाठी मदत' एवढंच लिहू नका. कोणत्या कामाला किती रक्कम हवी, ते लिहा.