फेडलेलं कर्ज सिबिल रिपोर्टमध्ये थकीत दिसतंय. तक्रार कुठे करायची?

दोन्हीकडे करा: सिबिल या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर 'डिस्प्यूट' म्हणजे नोंदीवर हरकत टाका आणि त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या बँकेला लेखी तक्रार द्या. कारण सिबिल स्वतःहून नोंद बदलत नाही. ती बँकेकडे विचारणा करते आणि बँकेने दुरुस्ती कळवली तरच रिपोर्ट सुधारतो. म्हणून खरा जोर बँकेवर लावा. तक्रारीसोबत नो ड्यूज सर्टिफिकेट (कर्ज पूर्ण फिटल्याचा बँकेचा दाखला), कर्जखात्याचा उतारा आणि शेवटच्या हप्त्याची पावती जोडा, आणि तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय काउंटर सोडू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे आणि तो तक्रारीत लिहाच, फार कमी लोक लिहितात. तरीही उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तीही फुकट. एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या सिबिलसारख्याच कंपन्यांचेही रिपोर्ट काढून बघा. वर्षातून एकदा प्रत्येकाचा मोफत मिळतो आणि तीच चूक तिथेही असू शकते.

मात्र बँकेशी तडजोड करून कमी रकमेत खातं मिटवलं असेल, तर 'सेटल्ड' हा शेरा चूक ठरत नाही. तो काढायचा असेल तर उरलेली रक्कम भरून बँकेकडून खातं 'क्लोज्ड' करून घ्यावं लागतं.